आसारामनानाचा फुकटचा वजीर

आमच्या पाथर्डीत सध्या अशी आवई आहे, की गिरणीवाल्या आसारामनानानं अमेरिकेचं विजेवरचं मशीन बुद्धिबळात हरवलं, आणि हरल्याबरोबर मशीनमधून धूर निघाला. नेवाशाकडच्या एका पाहुण्यानं तर मला छातीठोकपणे सांगितलं, की मशीन मालट्रकमधून आणलं होतं, उतरवायला अख्खी तालीम लागली, आणि नानानं शेवटचा शह दिल्यावर ते मोठ्यानं "सॉरी" म्हणालं. पाहुणे स्वतः तिथे होते का, असं विचारल्यावर म्हणाले, "न्हाई, पन आमचा साडू हुता."

साडूही नव्हता आणि मशीनही नव्हतं. आलं असतं तरी लावलं कुठे असतं? आमच्याकडे वीज माहेरवाशिणीसारखी येते, सगळ्यांना आनंद होतो आणि लगेच परत जायची घाई. धूर निघाला हे मात्र खरं. पण तो नानाच्या गिरणीच्या ऑइल इंजिनातून निघाला, आणि ते इंजिन कुणी हरो वा जिंको, रोजच धूर काढतं. नानानं कुणाला तरी हरवलं हेही खरं. कुणाला, ते सांगतो. मी तिथेच होतो.

आधी नाना. नानाची गिरणी एसटी स्टँडच्या मागे. माणूस पन्नाशीचा, पण मूळ रंग कोणता हे कळायला मार्ग नाही, कारण बारा महिने अंगावर पीठ. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, कानातले केस पांढरे. आंघोळ करून घरात आला की त्याची बायको, आमच्या कडूबाईकाकू, "कोन पायजे?" म्हणून विचारतात. ही गोष्ट मीच पसरवलेली आहे, तेव्हा ती खरी धरू नये. गिरणीच्या दारात ओटा, ओट्यावर शहाबादी फरशी, आणि फरशीवर टाकीनं कोरलेला बुद्धिबळाचा पट. सोंगट्या लाकडी. एक हत्ती मागे कधीतरी ज्वारीबरोबर दळला गेला, त्याच्या जागी इंजिनाचा नट ठेवलेला.

नाना खेळतो तो गिरणी चालू ठेवून. इंजिन पुक्-पुक् करतंय, पट्टा फडफडतोय, बाया दळणाचे डबे घेऊन बसल्यात, आणि नाना ओट्यावर मांडी घालून समोरच्या माणसाच्या डोक्याचं दळण काढतोय. कारण नानाचा खेळ हातात नाहीच, तोंडात आहे. समोरच्यानं सोंगटीला नुसता हात लावला की नाना सुरू होतो:

"घोडा? घोडा हालीवनार? हालवा, हालवा. न्हाई, चांगला हाय. आमच्या चुलत्यानं बी असाच हालीवला हुता... वारले बिच्चारे."

हे "वारले" म्हणताना नानाचा आवाज विहिरीत बादली सोडल्यासारखा खाली जातो. गावात नकला करायचं काम माझं; मला तो आवाज शाळेत पहिल्यांदा जमला तेव्हा मागच्या बाकावरची दोन पोरं घाबरून उठली होती. समोरचा माणूस घोडा जागेवर ठेवतो. मग नाना हळहळतो, "ठिवला? अरारारा! तिथंच तर मला भ्या हुतं."

आणि मग नानाचं खरं अस्त्र, फुकटचा वजीर. डाव ऐन रंगात आला, की नाना आपला वजीर उचलून थेट समोरच्याच्या प्याद्याच्या माऱ्यात नेऊन ठेवायचा. मागून कशाचा जोर नाही. म्हणजे त्याच्या पाठीशी दुसरी एकही सोंगटी नाही. मारला तर नुसता मरायचा. आणि ठेवून वर म्हणायचा, "घ्या की! पाव्हने हाय तुमी. रिकाम्या हातानं जाऊ नगा."

वीस वर्षांत कुणीही तो वजीर घेतला नाही. इतका मोठा वजीर माणूस फुकट देईल का? नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे. नेवाशाहून एक वकील आले होते, त्यांना कुठेतरी बुद्धिबळाची ढाल मिळालेली होती. त्यांनी त्या वजिराकडे इतका वेळ पाहिलं की त्यांची शेवटची गाडी गेली. त्यांनी चष्मा पुसला. पीठ पडलं म्हणून पुन्हा पुसला. शेवटी राजा कोपऱ्यात लपवला आणि काही चालींत मात खाल्ली. रात्री मुक्कामाला राहिले, सकाळी शिंकत-शिंकत गेले. गिरणीतल्या बायांच्या रांगेत तेव्हापासून वकिलाच्या शिंकेची नक्कल फर्माईशीवर होते. करतो मीच.

यंदा पाऊस नाही. गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जातं, आणि गिरणीत अमेरिकेच्या मदतीची ज्वारी, म्हणजे लाल मिलो, दळला जातो, ज्याची भाकरी ताटात तवा ठेवल्यासारखी दिसते. त्यातच रशिया-अमेरिकेच्या बुद्धिबळाच्या सामन्याच्या बातम्या पेपरात रोज येऊ लागल्या. आमचे गणिताचे कानिफनाथ मास्तर त्या ओट्यावर वाचून दाखवायचे. रशियावाल्यानं अमुक केलं, अमेरिकावाला खुर्चीवरून रुसला. नाना ऐकून म्हणायचा, "दोघं बी गप बसून खेळत्यात? मंग त्यात खेळ काय ऱ्हायला?" आणि बायांना कळवायचा, "हितं आले तर एकेकाला वजीर दाखवीन." बाया कौतुकानं हसायच्या. नानाचा वजीर म्हणजे गावाचा वजीर होता.

अशात दिवाळीच्या सुट्टीला सहादेव आला.

सहादेव म्हणजे आमच्या भिमाजी तात्यांचा थोरला. उत्तरेकडे एका मोठ्या कॉलेजात इंजिनिअरिंग शिकतो. तिथे खोलीएवढं कॉम्प्युटर मशीन आहे म्हणे. सहादेवच्या प्रत्येक वाक्याआधी एक "ॲक्च्युअली" येतं. आमच्याकडे एसटी दिसण्याआधी धुरळा दिसतो तसं. आला तो काखेत कागदांची चळत घेऊन, आणि ओट्यावर येऊन बसला.

"ॲक्च्युअली, मास्तर, मी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहिलाय."

"म्हंजी नाटक?" रंगुबाईनं विचारलं. रंगुबाई दळणाच्या रांगेत कायम पहिली. तिचं दळण संपलं तरी ती पहिलीच असते.

"नाटक नाही मावशी. मशीननं कसं खेळायचं त्याचे हुकूम. मशीनला अक्कल नसते, हुकूम असतात. आधी पाहायचं, शह आहे का? मग, बिनजोराची काही सोंगटी खायला मिळते का? मग, आपलं काही मरतंय का? असं क्रमानं. जे पहिलं लागू पडेल ते करायचं. मशीन हे पापणी लवायच्या आत करतं. आणि असे हजारो हिशोब करतं. हातानं करता यावं म्हणून मी छोटी आवृत्ती कागदावर आणलीय."

"आणि खेळतो कसा हा प्रोग्रॅम?" मास्तरांनी विचारलं.

सहादेवची छाती फुगली. "माझ्या रूम-पार्टनरनं पण एक लिहिलाय. आम्ही दोन्ही प्रोग्रॅम एकमेकांशी खेळवले. माझा एकदाही हरला नाही."

"अन् मान्सांसंगं?" नानानं पट्ट्याला राळ लावता लावता विचारलं.

"माणसांशी..." सहादेवनं कागद सारखे केले. "माणसांशी ॲक्च्युअली रिझल्ट मिक्स आहेत. हॉस्टेलच्या वॉर्डनशी हरला. पण वॉर्डन बरोबर खेळत नव्हते."

"म्हंजी चोरी करत हुते?"

"चोरी नाही. प्रोग्रॅमला अपेक्षित नसलेल्या चाली करत होते."

नानानं इंजिनापेक्षा मोठ्यानं हसून दाखवलं. "वासरात लंगडी गाय शहानी म्हन की!"

सहादेव लाल झाला. म्हणाला, प्रात्यक्षिक दाखवतो. आपला कागद स्वतः घेतला, रूम-पार्टनरचा कागद कानिफनाथ मास्तरांना दिला. अट अशी, की दोघांनीही डोकं वापरायचं नाही, फक्त कागद सांगेल ते करायचं. मास्तरांना ते जमायला वेळ लागला. रंगुबाईचं म्हणणं, लागला नाही.

तो डाव मी आयुष्यात विसरणार नाही. दोघेही कागदावर बोट फिरवत मोठ्यानं वाचतायत: "शह आहे? नाही. बिनजोराचं काही आहे? नाही. आपलं काही मरतंय? नाही." रंगुबाई म्हणाली, "सत्यनारायन कवा संपायचा? परसाद हाय का शेवटी?" एक टप्पा असा आला, की मास्तरांचा हत्ती दोन घरं पुढे जायचा, दोन घरं मागे यायचा, आणि सहादेवचा हत्तीही तेच करायचा. दोघांचाही कागद खूश होता. कुणाचंच काही मरत नव्हतं. बायांची दळणं होऊन गेली, नवी दळणं आली.

"दोन बहिऱ्या सासवांचं भांडान हाय ह्ये," रंगुबाई म्हणाली. "ही म्हनती मीठ आन, ती म्हनती आलेच जाऊन."

शेवटी रूम-पार्टनरच्या कागदानं एक जोर असलेलं प्यादं वजिरानं खाल्लं, कारण त्या कागदाला जोर बघायची सवयच नव्हती. सहादेवच्या कागदानं तो वजीर गिळला आणि डाव जिंकला. सहादेवनं आमच्याकडे असं पाहिलं, जणू आताच हिंदकेसरीची गदा घेऊन आलाय.

"आता मान्साशी खेळीव," नाना म्हणाला आणि हात झटकून पटापुढे बसला. ओट्यावर पिठाचा ढग उठला.

इंजिन पुक्-पुक् चालू. नाना सुरू झाला. "या इंजनेरसाहेब. प्यादं? प्यादं चांगलं हाय. गरिबाचं लेकरू हाय ते, जपून न्या. वडील बरे हायेत का? मागं चक्कर आल्ती म्हनं. कालच्यापेक्षा तुमचं तोंड उतरल्यालं दिसतंय..."

सहादेव कागदावर बोट फिरवत होता. "शह आहे? नाही."

"तिकडं मेसात डाळ पातळ असती म्हनं?"

"बिनजोराचं काही आहे? नाही."

नानाची एवढी उत्तम उत्तम बोलणी वाया जाताना मी पहिल्यांदा पाहिली. भिंतीशी बोलावं तसं. शेवटी नानानं वजीर उचलला, हवेत एकदा फिरवला, आणि सहादेवच्या प्याद्याच्या माऱ्यात ठेवला. "घ्या की! पाव्हने हाय तुमी."

रांगेतल्या बायांनी माना पुढे केल्या. सहादेवचं बोट कागदावरून खाली आलं. "शह आहे? नाही. बिनजोराचं काही आहे?" त्यानं पटाकडे पाहिलं. "आहे. वजीर." आणि घेतला.

नुसता घेतला. मांजरानं दूध प्यावं तसा.

नाना त्या रिकाम्या घराकडे बघत राहिला. गिरणीत कुणाची तरी ज्वारी संपून दगडावर दगड घासायला लागला, तरी उठेना. कडूबाईकाकू आतून ओरडल्या तेव्हा उठला. परत आला आणि खेळला, पण वजिराशिवायचा नाना म्हणजे मिशीशिवायचा फौजदार. लवकरच मात झाली. त्या दिवशी अख्ख्या गावासमोर एक गोष्ट उघडी पडली, की वीस वर्षं तो वजीर फुकटच होता. मागे काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंट्रोलरनं घेतला. मग स्टँडवरच्या हमालानं घेतला. शाळेतली पोरं नाना कुठे वजीर ठेवतोय याची वाट बघू लागली. एवढंच झालं असतं तर नानानं सोसलं असतं. पण एका सकाळी रंगुबाईनं पिठाचा डबा काट्यावर ठेवला, आकडा बघितला, आणि म्हणाली, "नाना, घट लई हाय."

दळणात थोडी घट येतेच. पीठ उडतं, पाळीला, म्हणजे दळायच्या दगडाला, चिकटतं. इतकी वर्षं बायांनी विचारलं की नाना मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "मोजून घ्या की! दुसऱ्या काट्यावर घाला!" आणि कुणीही दुसऱ्या काट्यावर घालायचं नाही. आता रंगुबाईनं कमरेवर हात ठेवले.

"वजीर घ्या म्हनत हुता, तवा बी तुमी असंच तोंड करत हुता."

मारुतीच्या पारापाशी दुसरी गिरणी आहे. तिथली पाळी इतकी जुनी की भाकरीत खडे लागतात. तरीही त्या आठवड्यात आमच्या आळीतले डबे तिकडे जाऊ लागले. दुष्काळात मूठभर पीठही कुणाला सोडवत नाही. नानाच्या ओट्यावर कुत्रं झोपू लागलं. पटावर त्यानं पोतं टाकून ठेवलं. मी जाऊन "वारले बिच्चारे" म्हणून दाखवलं, तर पाठ फिरवून पट्ट्याला राळ लावायला लागला. कडूबाईकाकू म्हणाल्या, "हातात घास घेऊन बसत्यात. तोंडापत्तोर जात न्हाई."

सुट्टी संपत आल्यावर नाना सहादेवच्या घरी गेला. "अजून एक डाव," म्हणाला. "बाजारच्या दिवशी, सगळ्यांम्होरं."

सहादेवनं विचार केल्यासारखं केलं. "ॲक्च्युअली, नाना, निकाल ठरलेलाच आहे. पण खेळू. अट एकच. गिरणी बंद, आणि तुमचं तोंड बंद. तोंडातून एक अक्षर निघालं तरी डाव गेला."

हे ऐकून गाव हसलं. नानाचं तोंड बंद म्हणजे गोदावरीला बूच! सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. ओट्यावरचं कुत्रं हाकलून, नानासारखी मांडी घालून मी नानाच्याच आवाजात जाहीर केलं, "बोलनार न्हाई! एक शबूद बोलनार न्हाई! आता कसा बोलत न्हाई ते सांगतो, ऐका..." बाजारातली माणसं थांबून हसत होती, आणि मागे नाना उभा होता हे मला उशिरा कळलं.

"नकल्या, तुला वाटतं मी गप बसू शकत न्हाई?"

"नाना, तुमी झोपेत बी बोलता. काकू सांगत्यात."

"लाव पैज."

"लावली. बोललात तर वर्षभर आमच्या घरचं दळण फुकट."

"अन् न्हाई बोललो तर?" नानानं डोळे बारीक केले. "तर पायलीभर मिलो जात्यावर दळायचा. हितं, ओट्यावर. बायांम्होरं. तू सोता."

मी हसत टाळी दिली. माझ्या मनात वर्षभराचं दळण येऊन बसलेलं होतं, आणि युक्तीही तयार होती. माणसाला बोलतं करायचं असेल, तर त्याच्याच आवाजात चुकीचं बोलावं. तो दुरुस्त करायला तोंड उघडतोच. नाना तर उघडणारच.

बाजारच्या दिवशी ओट्याभोवती ही गर्दी. इंजिन बंद होतं, त्यामुळे सगळं नको इतकं ऐकू येत होतं. कानिफनाथ मास्तर पंच. सहादेव इस्त्रीचा शर्ट घालून. नाना समोर बसला, मिशी एकदा खाली ओढली आणि तोंडाला कुलूप घातलं.

मी नानाच्या मागे उभा राहिलो आणि सुरू झालो. नानाच्या आवाजात.

"या इंजनेरसाहेब! आज शर्ट कडक हाय, पन हात का थरथरत्यात? थंडी वाजती का?"

गर्दी हसली. नानाच्या मानेची शीर हलली. मला वाटलं, आता बोलतोय. नाही बोलला.

"घोडा? घोडा हालीवनार? आमच्या मावशीनं असाच हालीवला हुता..." मी मुद्दाम मावशी म्हणालो. नानाचा तो चुलता आहे. नाना चुकीच्या मावशीसाठी तरी तोंड उघडेल! नाना आभाळाकडे बघत बसला.

"मास्तर, याला गप्प करा," सहादेव म्हणाला.

मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. "अट खेळणाऱ्याच्या तोंडाची आहे. हा खेळत नाहीये. आणि मशीनला काय फरक पडतो? मशीनला भावना नसतात, असं तूच म्हणतोस ना?"

"मला फरक पडत नाहीच," सहादेव म्हणाला, आणि बोट कागदावर दोन ओळी खाली घसरलं.

मी आता भरात होतो. मेसातली पातळ डाळ काढली, भिमाजी तात्यांची चक्कर काढली, वॉर्डन काढला. "वॉर्डनसायेबांनी कसं वो हरीवलं? बरोबर खेळत न्हवते म्हनं?" इतक्या जोरात नाना मी त्याआधी कधी केला नव्हता. आणि खरा नाना माझ्या पुढ्यात देवळातल्या नंदीसारखा बसला होता. सहादेवची नजर एकदा माझ्याकडे, एकदा नानाच्या बंद तोंडाकडे. मला वाटतं, बोलणाऱ्या नानापेक्षा तो गप्प नानाच त्याला जास्त खात होता. जो नाना झोपेतही बोलतो तो आज बोलत नाही, म्हणजे आज त्याच्याकडे नक्की काहीतरी आहे.

मग नानानं वजीर उचलला. हवेत फिरवला नाही. अलगद नेऊन सहादेवच्या प्याद्याच्या माऱ्यात ठेवला, आणि हात मांडीवर घेतला.

गर्दीत कुणीतरी म्हणालं, "आला, आला. फुकटचा आला."

सहादेवनं कागदावर बोट ठेवलं. "शह आहे? नाही. बिनजोराचं काही..." बोट थांबलं.

मी काय करायला हवं होतं ते आता कळतं. गप्प बसायला हवं होतं. पण माझी नजर वर्षभराच्या दळणावर. मी नानाच्या आवाजात, नानाच्या कानाशी, खास नानाच्या ठेक्यात म्हणालो, "घ्या की! पाव्हने हाय तुमी. रिकाम्या हातानं जाऊ नगा!"

सहादेवनं कागद बाजूला ठेवला. पटावर वाकला. आधी नानाच्या घोड्याकडे बघितलं, मग त्या इंजिनाच्या नटाकडे, मग आपल्या राजाकडे. हळूच त्यानं राजा एक घर सरकवला.

"अरे, कागदावर काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"कागदावर... ॲक्च्युअली, कागदाला हे दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"हा सापळा आहे."

त्यानंतर सहादेव कागद न बघता, स्वतःच्या डोक्यानं खेळला. त्याचं डोकं कागदापेक्षा कितीतरी वाईट खेळतं, हे पाथर्डीला तेव्हा कळलं. वजीर जिवंत राहिला, त्याच वजिरानं हत्ती खाल्ला, उंट खाल्ला, आणि बाजारातली भाजी सुकायच्या आत मात झाली.

"हा प्रोग्रॅमचा पराभव धरता येणार नाही," सहादेव उठून म्हणाला. "प्रोग्रॅमनं वजीर घेतला असता. तो माझा निर्णय होता."

"मंग हारलं कोन?" रंगुबाई म्हणाली. "कागुद का तू?"

सहादेव कागद गोळा करायला लागला. तर आवईची दुरुस्ती ही अशी. मशीन हरलं नाही, मशीनचा कागदही हरला नाही. हरला तो भिमाजी तात्यांचा थोरला, आणि तोही त्या नेवाशाच्या वकिलासारखाच.

गर्दी पांगल्यावर मास्तरांनी तो डाव पुन्हा मांडून पाहिला. वजीर मारल्यावर नानाला घोड्यानं काही करता येतं का पाहिलं, उंटानं पाहिलं, नटानं पाहिलं. सापळा नव्हता. वजीर फुकटच होता.

"नाना, मागे काहीच नव्हतं हो!" मास्तर म्हणाले.

डाव संपला होता, त्यामुळे नानाला आता बोलायला मोकळीक होती. त्यानं घसा खाकरला. इतका वेळ साठलेलं सगळं एकदम येईल म्हणून मी कान टवकारले.

"त्यानं घेतला का?" नाना एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी डबे परत आले. रंगुबाईही आली. पण ती आता डबा काट्यावर असताना काट्याशेजारी उभी राहते आणि आकडा मोठ्यानं वाचते, आणि नानानं मिशीवर हात फिरवला तर म्हणते, "हात खाली ठिवा." नाना ठेवतो. घट कमी झालीय असं बाया म्हणतात. नाना म्हणतो, हवेत दमटपणा आहे म्हणून. यंदाच्या हवेत दमटपणा!

आणि माझं काय? डबे परत आले त्याच संध्याकाळी नानानं मला बोलावलं. "नकल्या, मी काय बोललो का?"

"न्हाई, नाना."

"माझ्याकडनं कोन बोललं?"

नाना पिठाळलेल्या हातानं माझ्या पाठीवर थापटत म्हणाला, "लई झ्याक बोललास. मला बी एवढं जमलं नसतं. पन मावशी न्हवं, चुलता. चुलता वारले." आणि आत वळून ओरडला, "अगं ए, जातं भाईर काढ!"

कडूबाईकाकूंनी जातं आणून ओट्यावर मांडलं, पायलीभर लाल मिलो शेजारी ओतला आणि खुंट्याला माझा हात लावून दिला. मिलो दगडासारखा. पहिल्याच पसाभराला तळहाताला फोड आला. बाया डबे टाकून गोल करून बसल्या. "ओवी म्हन की रं! मुक्यानं दळत्यात व्हय?" रंगुबाई म्हणाली. मी म्हणालो, येत नाही. "का? समद्यांचे आवाज येत्यात, अन् आईचा येत न्हाई?" मागे गिरणीचं इंजिन पुक्-पुक् करत होतं, जिथे हीच पायली मी चहा पिईस्तोवर दळून झाली असती. नाना मधूनच दारात येऊन चिमूट उचलायचा, बोटात चोळायचा आणि म्हणायचा, "जाडं हाय."

पायली संपली तेव्हा मला खांदे होते की नव्हते ते सांगता येत नव्हतं. रंगुबाईनं त्यातलं पसाभर पीठ सुपात घेतलं, फुंकर मारून बघितलं, उठली, आणि माझ्यासमोर गिरणीमागच्या कोंबड्यांना टाकलं. कोंबड्यांनी दोन-चार चोची मारल्या आणि निघून गेल्या.